शून्य पॉइंट बेचाळीस

पूर निवारण प्रकल्पाची यादी वॉर्ड ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागली, ती पूर्णिमा बनगेनं तीनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, आपली नजर चुकली. दुसऱ्यांदा वाटलं, मागं आणखी एखादं पान असेल. तिसऱ्यांदा तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. केतकी पार्कला संरक्षक भिंत, तीन मोठे पंप, भिंतीवरून फिरायला पदपथ. त्याखाली दोन रस्त्यांची गटारं. आणि सगळ्यात खाली सही-शिक्का. सुजातानगर कुठंच नव्हतं.

ओढ्याच्या एका अंगाला केतकी पार्क, दुसऱ्या अंगाला थोडं खाली उतरून सुजातानगर. एकशेसव्वीस घरं. पंचगंगा फुगली की ओढ्याचं पाणी नदीत जायचं सोडून उलटं फिरायचं आणि पहिल्यांदा सुजातानगरात शिरायचं. २०१९ साली बुद्धविहाराच्या खिडकीच्या वरपर्यंत पाणी चढलं होतं, २०२१ साली त्याहून चार बोटं वर. दोन्ही वेळा पूर्णिमाची शिलाईची मशीनं बुडाली. ती दारातच ब्लाऊज शिवायची, आणि बारावी झालेली असल्यामुळं वस्तीचे सगळे अर्ज तिच्याच हातचे असायचे. कमिटीची सेक्रेटरी म्हणून नाव होतं, पण खरं तर काम अर्ज लिहिण्याचंच.

गेल्या उन्हाळ्यात माणसं आली होती. फीत लावून मापं घेतली, लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या, ओढ्यालगत पक्कं गटार आणि तोंडाला पाणी उलटं येऊ नये म्हणून झडप बसवणार असं सांगून गेली. वस्तीतल्या शेवंताबाईंनी त्यांना चहा दिला होता.

भाऊसो तात्या विहाराच्या पायरीवर बसले होते. पूर्वी फौंड्रीत मोल्डर होते, आता वस्तीचे अध्यक्ष. पूर्णिमानं सांगितलं तसे ते उभेच राहिले.

"न्हाय? आगं, मापं घिऊन गेलते की!"

"मापं त्यांच्याजवळ हाईत, तात्या. गटार न्हाय."

"मग इचार जाऊन. कुणाच्या सांगण्यावरनं काढलं म्हणावं."

"मीच जायचं व्हय परत?"

"तुलाच बोलाय येतंय," तात्या म्हणाले, आणि पुन्हा पायरीवर बसले.

*

प्रकल्पाचं ऑफिस शाहूपुरीत, एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खेपा फुकट गेल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा लाईट नाही म्हणून कॉम्प्युटर बंद. तिसऱ्या खेपेला सौमित्र नावाचा तरुण इंजिनियर भेटला. चष्मा लावलेला, बोलायला मऊ. त्यानं तिला खुर्ची दिली, याचंच तिला नवल वाटलं.

"ताई, हा पैसा बाहेरच्या बँकेच्या कर्जातून येतोय," तो म्हणाला. "त्यांचा नियम असा, की जेवढा खर्च करायचा, त्यापेक्षा जास्त नुकसान वाचलं पाहिजे. एक रुपया घातला तर किती रुपये वाचले, तो आकडा काढायचा. एकाच्या वर आला तर काम मंजूर. केतकी पार्कचा आलाय एक पॉइंट नऊ."

"आणि आमचा?"

त्यानं स्क्रीनवर बघितलं. "शून्य पॉइंट बेचाळीस."

"म्हंजे आमच्यात रुपया घातला तर बेचाळीसच पैसे वाचत्यात?"

"कागदावर तसं येतंय."

"माझी दोन मशीनं बुडली. एक जुनं पायाचं, एक मोटारचं. ती कशात धरलासा?"

सौमित्रनं स्क्रीन तिच्याकडं वळवली. मशीन कशातच धरलं नव्हतं. ज्या घरांना प्रॉपर्टी कार्ड नाही, ती 'तात्पुरतं बांधकाम' या रकान्यात गेली होती, आणि तात्पुरत्या बांधकामाचं नुकसान सरसकट पंधरा हजार. केतकी पार्कात मात्र फ्लॅटची सरकारी रेडीरेकनरची किंमत होती, फर्निचर होतं, लिफ्टची मोटार होती, तळमजल्यावर लावलेल्या गाड्या होत्या.

"तात्पुरतं?" पूर्णिमा म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी ते घर अठ्ठ्याहत्तर साली बांधलंय. तुमचा तर जन्मबी नव्हता. घरफाळा भरतोय आम्ही. पावत्या दाखवू?"

"घरफाळ्याची पावती मालकी हक्क दाखवत नाही, ताई."

"मग घेतासा कशाला?"

सौमित्रनं स्क्रीनवरचं पुढचं पान उघडलं. पूर्णिमाचं लक्ष स्क्रीनवरच्या नकाशाकडं गेलं. निळी रेघ म्हणजे ओढा, हे तिला कळलं. तांबडी जाड रेघ म्हणजे भिंत. आणि भिंतीच्या टोकाला एक काळा बाण होता.

"ह्यो बाण कशाचा?"

"पंपांचं पाणी बाहेर सोडायची जागा. भिंतीच्या आत साठलेलं पावसाचं पाणी उचलून ओढ्यात टाकायचं."

"आणि ह्यो बाण जिथं हाय, त्याच्या खाली काय हाय?"

त्याला उत्तर ठाऊक होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. बाणाच्या खाली सुजातानगर होतं. आधीच उलट्या फिरलेल्या ओढ्यात आणखी तीन पंपांचं पाणी, ऐन पुरात.

"त्यांच्यातलं उचलून आमच्यात वतायचं," ती म्हणाली. "आणि ह्याला नाव काय, तर पूर निवारण."

सौमित्रनं चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, "हरकतींची मुदत अजून तीन आठवडे आहे. घरोघरचं खरं नुकसान पुराव्यासकट लिहून आणलंत, तर मी आकडा परत काढतो. बुडलेली मजुरी, औषधपाणी, भाड्याची खोली, सगळं. मी घेईन ते."

*

एकशेसव्वीस घरं तीन आठवड्यांत. पूर्णिमाला सोबत मिळाली ती रूपालीची. रूपाली दवाखान्यात नर्स होती, तिची सकाळपाळी दोनला सुटायची. दोघी जेवून बाहेर पडायच्या ते दिवेलागणीपर्यंत.

पहिल्या दोन दिवसांत लोकांनी त्यांनाच फैलावर घेतलं.

"परत फॉर्म?" पिठाची गिरणी चालवणारा कृष्णात ओरडला. "एकोणीसला भरला, एकवीसला भरला. पंचनाम्याला दोन तलाठी येऊन गेलते. गिरणीची मोटार जळली, त्याचं काय मिळालं? दहा किलो गहू! गिरणीवाल्याला गहू!"

"ह्यो मदतीचा फॉर्म न्हाय, कृष्णातदादा. गटाराचा हाय."

"गटाराला माझी मोटार कशाला पायजे?"

तिनं समजावून सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. आपण किती बुडतो हे आकड्यात दाखवलं, तरच आपल्याला बुडू नये म्हणून पैसे मिळणार. आणि ज्याच्याकडं बुडायलाच थोडं, त्याला वाचवणं परवडत नाही.

कृष्णातनं मोटारीची पावती शोधून दिली. चिखलात भिजून वाळलेली, अक्षरं फिकी पडलेली. तशा पावत्या घरोघरी निघाल्या. पत्र्याच्या पेटीतून, पंचशीलाच्या फोटोमागून, पासबुकाच्या पानांतून. कुणाच्या म्हशीचं मरण, कुणाचे उद्यमनगरातल्या कारखान्यातले तेवीस खाडे, कुणाच्या मुलाचा लेप्टोच्या तापाचा दवाखाना. शेवंताबाईंनी नुसती बोटं मोजली आणि सांगितलं, "पुरात काय गेलं ते लिव्हतीस. पूर ओसरल्यावर दीड म्हयना मी घर धुतलं. कामावर गेलेच न्हाय. त्येबी लिव्ह." पूर्णिमानं लिहिलं.

एवढ्यात लग्नसराई सुरू झाली होती. मशीनवर अठरा ब्लाऊज तसेच पडले होते. बायका येऊन बोलून जायच्या. नवरा प्रसेनजीत एरवी मुकाट माणूस, तोही एकदा म्हणाला, "तू गाव सुधराय निघालीस, इथं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात चाललंय."

"मग काय करू? सोडून देऊ?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग उठला, आणि फॉर्मचा गठ्ठा घरांच्या क्रमानं लावायला लागला.

*

मुदतीच्या दोन दिवस आधी तिनं तो गठ्ठा सौमित्रच्या टेबलावर ठेवला. चार दिवसांनी त्याचाच फोन आला. आवाज आनंदात होता. "ताई, एक पॉइंट सोळा!"

पूर्णिमा मशीनवरून उठून दारात आली. समोर तात्या दिसले, त्यांना तिनं हातानंच बोलावलं. पण सौमित्रचा आवाज तेवढ्यात उतरला.

"फक्त एक अडचण आहे."

अडचण अशी, की सल्लागार कंपनीच्या तक्त्यात मजुरीला रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणून आकडा मुख्य अहवालात जात नव्हता. शेवटी तो परिशिष्टात लावायचं ठरलं. आणि परिशिष्टात गेला तरी दुसरी अडचण होतीच. या टप्प्याचा सगळा पैसा वाटून झाला होता. सुजातानगरचं गटार तीन कोटी ऐंशी लाखांचं. ते घ्यायचं, तर दुसरं काहीतरी गाळायला लागणार.

"रकाना न्हाय, पैसा न्हाय," पूर्णिमा म्हणाली. "मग तीन आठवडे आमाला कशाला पळवलासा?"

"ताई, तुम्ही चिडताय ते बरोबर आहे. पण एक सांगू? माझं नाव घेऊ नका. भिंतीवरचा पदपथ, दिवे, बाकडी, याचा खर्च चार कोटी दहा लाख आहे. त्याचा पुराशी काही संबंध नाही. जनसुनावणीत खुद्द केतकी पार्कनंच 'आम्हाला तो नको' म्हटलं, तर सोपं होईल."

केतकी पार्कच्या सोसायटीच्या अध्यक्षा निशिगंधा वहिनी. पूर्णिमा अकरा वर्षं त्यांचे ब्लाऊज शिवत होती.

*

ती गेली, तेव्हा निशिगंधा वहिनी तळमजल्यावरच्या खोलीत त्यांच्या यजमानांना भरवत होत्या. त्यांना अर्धांगवायू झालेला. २०२१ ला त्यांना पलंगासकट उचलून बोटीत ठेवलं होतं, हे पूर्णिमाला ठाऊक होतं. भिंतींचा गिलावा कमरेएवढ्या उंचीपर्यंत अजून फुगलेलाच होता.

पूर्णिमानं ब्लाऊजची पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. आकडा, बाण, गटार, पदपथ.

"पूर्णिमा, भिंत कमी करू नका गं," वहिनी घाईनं म्हणाल्या. "पाऊस लागला की ह्यांना झोप येत नाही. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की हे माझा हात सोडत नाहीत."

"भिंतीला कोण हात लावतंय, वैनी? भिंत व्हायलाच पायजे. वरचा फिरायचा रस्ता तेवढा न्हाय झाला तर चालंल का, एवढंच."

वहिनींनी चमचा वाटीत ठेवला. "मला तर तो नकोच आहे. वरून लोक चालणार आणि आमच्या खिडकीत बघणार. आणि पाणी तुमच्यावर सोडणार, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी बोलते सुनावणीत. शब्द दिला."

परतताना पूर्णिमाचे पाय हलके पडत होते. ओढ्यावरच्या साकवावर थांबून तिनं दोन्ही काठ बघितले. एवढ्याशा अंतरासाठी दोन महिने गेले, पण मार्गी लागलं, असं तिला वाटलं.

*

सुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. स्टेजवर मोठे साहेब, सल्लागार कंपनीचे दोघं, आणि बँकेकडून दिल्लीहून आलेली एक बाई. सुजातानगरातून साठ-सत्तर माणसं आली होती. त्यांना खुर्च्या मागं मिळाल्या.

निशिगंधा वहिनींचं नाव पुकारलं. त्या उठल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना सोसायटीची माणसं उभी राहिली. त्यांनी हातातला कागद वाचला. "केतकी पार्क रहिवासी संघ प्रकल्पाच्या संपूर्ण आराखड्यास, पदपथ व सुशोभीकरणासह, एकमतानं पाठिंबा देत आहे." वाचून झाल्यावर त्यांनी वर बघितलं नाही. बसल्या.

पूर्णिमाला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कानशिलं तापली. रूपालीनं तिचा दंड धरला. "ऊठ," ती म्हणाली. "आता न्हाय तर कवा?"

पूर्णिमा माईकपाशी गेली. लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहिलं.

"आमचा आकडा एक पॉइंट सोळा आलाय. तुमच्याच हिशोबानं," ती म्हणाली. "तो मागच्या पानाला चिकटवलाय. आमच्यासाठी पैसा न्हाय म्हणतासा, आणि बाकड्यांना चार कोटी हाईत. बाकड्यानं कंचं पाणी अडतंय, तेवढं सांगा."

मागून टाळ्या पडल्या. मोठे साहेब हसले. ते हसणं तिला लागलं. "भावना समजतात, ताई. सुजातानगरचा विचार दुसऱ्या टप्प्यात अग्रक्रमानं—"

"दुसरा टप्पा कवा?"

"निधीच्या उपलब्धतेनुसार."

ती खाली बसणारच होती. तेवढ्यात तिला तो बाण आठवला.

"बरं. गटार नका देऊ. पण मग तो बाण तरी हलवा. त्यांचं पाणी आमच्या उशाला कशाला सोडतासा?"

"कौनसा बाण?" बँकेच्या बाईनं विचारलं. सल्लागारांनी तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, पण तिनं मान हलवली. "नहीं, नक्शा दिखाइए."

पडद्यावर नकाशा आला. पूर्णिमा स्टेजवर चढली आणि बोट ठेवलं. ही भिंत. हा बाण. आणि ही जी मोकळी पांढरी जागा दाखवलीय, तिथं आमची एकशेसव्वीस घरं. नकाशात ती घरं काढलेलीच नव्हती. हे तिलाही त्या क्षणीच दिसलं, आणि तिचा आवाज फुटला. "आमी हितं हाय की वो," ती म्हणाली. "आमी हितंच ऱ्हातोय."

बँकेची बाई इंग्रजीत बोलली, थोडक्यात आणि कडक. स्टेजवरची डोकी एकत्र आली. पाचच मिनिटांत मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, की पंपांचं पाणी सहाशे मीटर खाली, वस्ती ओलांडून नेण्यात येईल. जादा पाइपलाइनला पंचावन्न लाख लागतील, ते आकस्मिक खर्चातून.

वस्तीतली माणसं ओरडली, कुणी तात्यांना उचललं. पूर्णिमा मात्र स्टेजच्या पायरीवर तशीच उभी राहिली. पाच मिनिटं. पंचावन्न लाख पाच मिनिटांत निघाले. त्याला ना फॉर्म लागला, ना पावती, ना रकाना. मग तीन कोटी ऐंशी लाखांचं काय? ती हे विचारणार होती, पण माईक बंद झाला होता. साहेब जेवायला उठले होते.

*

दोन दिवसांनी निशिगंधा वहिनी स्वतः चालत सुजातानगरात आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दारात उभं राहूनच बोलल्या.

"सोसायटीत सगळे माझ्यावर तुटून पडले गं. म्हणाले, एक काम गाळा म्हटलं की सगळी फाइल परत जाईल, भिंत दोन वर्षं लांबेल. मला ह्यांचं डोळ्यापुढं आलं. मी घाबरले."

पूर्णिमाला ओरडायचं होतं. दोन दिवस मनात तिनं ओरडून घेतलंच होतं. पण समोरच्या बाईचा चेहरा बघून ओरडवेना, आणि 'जाऊ द्या' म्हणणंही जमेना. तिनं आतून त्यांचा शिवून झालेला ब्लाऊज आणला.

"बाही जरा सैल ठेवलीय," ती म्हणाली. "घालून बघा. चारशे झाले."

वहिनींनी पैसे दिले. त्यानंतर त्यांचे ब्लाऊज यायचे, पण कुणाच्या तरी हातून.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत भिंत निम्म्या लांबीची उठली. पाइपलाइनचे पाइप येऊन पडले. पदपथाचे दिवे मात्र सगळ्यात आधी लागले, फोटो काढायला बरे म्हणून असेल. आषाढात राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी इशाऱ्याची खूण ओलांडून एक्केचाळीस फुटांवर गेली, ओढा फिरला, आणि सुजातानगरच्या खालच्या दोन ओळींत गुडघाभर पाणी शिरलं. यावेळी पूर्णिमानं मशीन दोन दिवस आधीच शाळेत नेऊन ठेवलं होतं. कृष्णातची गिरणी तेवढी हलवता आली नाही.

पाणी ओसरून आठवडा झाला, तेव्हा दुसऱ्या टप्प्याच्या पाहणीसाठी एक नवा माणूस आला. हातात टॅब, पायांत पांढरे बूट. सौमित्रची बदली झाली होती, सांगलीला. घरोघरचा चिखल अजून दारांत होता, बाया पाटी-पाटीनं तो बाहेर टाकत होत्या.

"पूर्णिमा बनगे तुम्हीच ना? तुम्ही वस्तीची माहिती भरून देता, असं ऑफिसात सांगितलं," तो म्हणाला. "नवीन फॉरमॅट आहे. एकशेसव्वीस फॉर्म, आठ दिवसांत मिळाले तर बरं."

पूर्णिमानं टॅबवर बघितलं. पहिलाच प्रश्न: प्रॉपर्टी कार्ड क्रमांक. त्यापुढं तांबडी चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडणार नाही.

"गेल्या वेळचे फॉर्म कुठं हाईत?"

"ते जुन्या सिस्टिमला होते. इकडं घेता येत नाहीत."

तिनं हातातलं खोरं भिंतीला टेकवलं. तात्या, रूपाली, शेवंताबाई, सगळे तिच्याकडं बघत होते. ती आता हो म्हणेल आणि वही आणायला आत जाईल, असंच सगळ्यांना वाटत होतं.

"मी फॉर्म भरणार न्हाय," ती म्हणाली. "तुम्ही भरायचं. एकेका घरात यायचं, बसायचं, बघायचं आणि स्वतःच्या हातानं लिव्हायचं. चहा मिळंल. आणि ज्या घराला कार्ड न्हाय, तिथनं तुमच्या साहेबांना फोन लावायचा. एकशेसव्वीस घरं, एकशेसव्वीस फोन."

"ताई, असं कसं? मला आज तीन वस्त्या करायच्या आहेत."

"मग आज ही एकच व्हईल. बूट काढा पावणं, चिखल लई हाय."

तो माणूस रस्त्याकडं बघत राहिला. त्याची गाडी साकवापलीकडं होती आणि साकवावर कृष्णात गिरणीचा चिखलानं माखलेला पट्टा हातात घेऊन उभा होता, नुसताच. शेवटी त्या माणसानं वाकून बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

"कुठून सुरू करायचं?"

"खालच्या ओळीतनं," पूर्णिमा म्हणाली, आणि पुढं चालायला लागली. पहिल्या घरात कार्ड नव्हतं. तिनं त्याला फोन लावायला सांगितलं. साहेबांचा फोन व्यस्त लागला.

"परत लावा," ती म्हणाली. "आमी थांबतो."